वायरच्या रिळांमागचा कोपरा

३ मार्च

ही वही भाचीने दिली. "मामा, तू बोलत नाहीस, निदान लिही तरी," म्हणाली आणि आपल्या गावी निघून गेली. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात नळांचे नकाशे काढण्यात माझी सगळी नोकरी गेली. नकाशाखाली टीप लिहायची, एवढाच लेखनाचा अनुभव. तरी लिहितो, कारण ती फोनवर विचारणार.

ताईला जाऊन महिना झाला. ताई म्हणजे माझी मोठी बहीण, भाचीची आई. तिचं सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचं दुकान आहे. लोकांच्या घरी, दुकानांत कॅमेरे बसवून द्यायची. गल्लीत तिला सगळे कॅमेरावाल्या ताई म्हणत. निवृत्त झाल्यापासून मी तिच्याबरोबर जाऊन शिडी धरायचो, पुढे पुढे ड्रिलही धरायला लागलो. आता दुकानात मी आणि भावोजी, म्हणजे ताईचे यजमान. ते बस डेपोत गाड्यांच्या घोषणा करायचे. ताई गेल्यावर त्यांनी नोकरी सोडली, पण आवाज सोडलेला नाही. शेजारच्या दुकानातल्या माणसाला चहा हवा का, हे ते फलाट क्रमांक सांगावा तसं विचारतात.

आज त्यांनी मला समोर बसवून सांगितलं. मोठ्या रस्त्यावरचं कॅमेऱ्यांचं दुकान आपलं दुकान घ्यायला तयार आहे. महिनाअखेरीला किल्ली मागतात. समोरच्या व्यापारी संकुलातल्या सगळ्या दुकानांना कॅमेरे बसवायचे आहेत. ते काम आपल्याला मिळालं तर दुकान राहील, नाहीतर पाटी उतरवायची.

"तुम्हाला चालवायचंय का, मेव्हणेबुवा?"

"बघू," मी म्हणालो.

"तुमचं बघू म्हणजे हो. आज ओळखतोय का तुम्हाला?"

आणि हसले. ते दिवसभर हसत असतात. ताईचं दुःख त्यांना झालं असेलच, पण दिसत नाही. मला कधी कधी ते बरं वाटत नाही. वहीत लिहायला हरकत नसावी.

५ मार्च

एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. आपल्या दुकानातले कॅमेरे बंद आहेत. मीच बंद केले.

कॅमेरे जे टिपतात ते रेकॉर्डरमधल्या डिस्कवर साठतं. डिस्क भरली की जुनं पुसत नवं साठत जातं. ताई दवाखान्यात गेली तेव्हा मागचे काही आठवडे त्यात होते, आणि त्यात ती होती. रोज थोडं थोडं पुसलं जात होतं. ती गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मी येऊन स्विच बंद केला. डिस्क काढून नवी घालता येते, हे मला ठाऊक आहे. पण ती ताईने स्वतः बसवलेली आहे. काढायची तर हात लावावा लागतो.

भावोजींना वाटतं रेकॉर्डर बिघडला आहे. ते नेहमी कॅमेऱ्यांच्या पडद्याकडे पाठ करून बसतात, त्यामुळे त्यांच्या लक्षात काही येत नाही.

दुपारी जेवणाच्या वेळेला ताई दुकानातल्या कॅमेऱ्याकडे बघून तोंडाशी हात न्यायची. जेवलास का, असं. मी घरी मोबाइलवर बघून "हो" असा मेसेज करायचो. फक्त तेवढंच बघायचो. दुसऱ्याच्या दुकानात उगाच डोकावणं बरं नव्हे.

७ मार्च

बेकरीचं काम केलं, जुने कॅमेरे काढून नवे लावले. एक कॅमेरा गल्ल्यावर, एक दारासमोरच्या भिंतीवर. दारासमोरचा मी टेपने मोजून बरोबर मधोमध बसवला. नकाशात मधोमध फार छान दिसतं.

८ मार्च

बेकरीवाल्याचा फोन. "जरा येऊन बघता का? माझ्याकडे गिऱ्हाइकं येतायत का भुतं?"

गेलो. दार काचेचं, बाहेर लख्ख ऊन. आत येणारा प्रत्येक माणूस पडद्यावर नुसता काळा. नाक नाही, डोळे नाहीत. ताई उजेडाकडे तोंड करून कॅमेरा कधी लावायची नाही. मला हे माहीत होतं, पण मधोमधच्या नादात विसरलो. मला तर शिडीखाली लपावंसं वाटलं. बरोबर आलेल्या भावोजींनी पडद्याकडे बोट दाखवलं.

"भुतं असली तरी रांगेत उभी आहेत की! एवढी शिस्त माणसांत बघितलीय का कुठे?"

बेकरीवाला हसला. मी कॅमेरा काढून दाराशेजारच्या भिंतीवर तिरका लावला, डोक्याच्या जरासा वर. फार उंच लावला की नुसती टकलं दिसतात. आता चेहरे स्वच्छ येतात.

निघताना बेकरीवाला म्हणाला, "ताईंनी माझ्याकडे पहिल्यांदा लावला होता, तो उलटा लागला होता. दिवसभर सगळे छतावरून चालत होते."

हे ताईने मला कधी सांगितलं नव्हतं. घरी पोचेपर्यंत हसू येत होतं.

११ मार्च

भावोजी आणि मी बागेच्या घरातल्या आजींकडे गेलो. आजी दारातच उभ्या होत्या.

"रोज पहाटे कुणीतरी माझ्या कुंड्या हलवतं. नेत नाही हो, नुसतं हलवतं! त्यापेक्षा चोर परवडला."

आजोबा पेपरामागून म्हणाले, "वारा असेल."

"वाऱ्याला दुसरा उद्योग नाही? ही कुंडी तुम्हाला तरी उचलते का?"

"मला कशी उचलेल? माझी कंबर बघ," असं म्हणून आजोबा पुन्हा पेपरात गेले.

आजींना सहा कॅमेरे हवे होते. मी पायरीवर बसलो आणि बघत राहिलो. ऊन कुठून येतं, फाटक कसं उघडतं, शेजारच्यांची खिडकी कुठे आहे. बराच वेळ बसलो असेन, कारण आजींनी भावोजींना हळूच विचारलेलं मला ऐकू आलं.

"हे काही करणार आहेत का नुसते बसलेत?"

"ते बघतायत, आजी. आमच्यात बोलायचं काम मी करतो, बघायचं ते करतात."

मी सांगितलं, एक पुरे. व्हरांड्याच्या खांबावर. सगळ्या कुंड्या दिसतात आणि शेजारच्यांची खिडकी येत नाही.

परत येताना भावोजी म्हणाले, "गिऱ्हाईक सहा मागतं आणि तुम्ही एक देता. हा धंदा आहे का समाजसेवा?"

खरं आहे. ताईसारखं मला विकता येत नाही. संकुलाचं काम मला कोण देणार?

१५ मार्च

कुंड्या हलवणारा सापडला. आजोबा. पहाटे कंबरेला पट्टा बांधून एकेक कुंडी उन्हाच्या जागी ढकलतात, मग हात धुऊन पेपर घेऊन बसतात. मी चित्र दाखवलं तेव्हा आजी पदर तोंडाला लावून कितीतरी वेळ हसत होत्या.

"मागे मीच म्हटलं होतं, झाडांना ऊन मिळत नाही. तेव्हा म्हणाले, तुला काय कळतं." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मला कळलंय हे त्यांना सांगू नका हं. मी आपली रोज सकाळी चोराला शिव्या देईन. ऐकताना त्यांचा चेहरा बघायचाय मला."

कॅमेरा काढून नेऊ का, विचारलं. "छे! आता तर रोज बघणार."

त्यांनी त्यांच्या बहिणीचा पत्ता दिला. तिलाही एक हवा आहे.

१७ मार्च

काम नव्हतं म्हणून आपल्या दुकानाचा नकाशा काढला. दोन्ही कॅमेऱ्यांना जे जे दिसतं तिथे पेन्सिलने रेघा मारल्या. सगळा कागद भरला, एक जागा पांढरी राहिली. मागच्या भिंतीशी वायरची मोठी रिळं एकावर एक रचलेली आहेत, त्यांच्यामागचा कोपरा. दोन माणसं कशीबशी उभी राहतील एवढा. तो कुठल्याच कॅमेऱ्याला दिसत नाही. आतला कॅमेरा वीतभर सरकवला असता तरी दिसला असता.

ताईकडून अशी चूक व्हावी याचं आश्चर्य वाटलं. भावोजींना नकाशा दाखवून म्हणालो, आपले कॅमेरे सुरू करू तेव्हा तिथेही एक लावू.

त्यांनी नकाशा उलटा धरून बघितला. "तिथे कशाला? तिथे उंदीरही जात नाही."

"नियमाने लावायला हवा."

"भिंत ओली आहे ती."

मी हात लावून बघितली. कोरडी आहे.

"मग रिळं पडतील. राहू द्या हो, मेव्हणेबुवा," असं म्हणून ते चहा सांगायला गेले. चहा समोर आलेला होता.

१९ मार्च

संकुलात शिवणकामाचा कारखाना आहे, तिथल्या मालकीणबाईंनी बोलावलं. संकुलाचं सगळं काम अजून ठरलेलं नाही, पण त्यांना थांबायचं नव्हतं. कापडाचे ताके चोरीला जातात. त्यांना प्रत्येक खोलीत कॅमेरा हवा होता. मी नेहमीसारखा बसून राहिलो. ताके येतात मागच्या दाराने, जातात पुढच्या दाराने. मधल्या खोलीला लागून एक अरुंद पडवी आहे, तिथे शिवणाऱ्या बायका डबा खातात. मी होतो तेवढ्या वेळात एक जण तिथे येऊन डोळे पुसून गेली, दुसरी फोनवर कुणाशी तरी लाडात बोलली, आणि दोघी मिळून मालकीणबाईंची नक्कल करत होत्या. नक्कल चांगली होती.

मी दोन्ही दारांवर आणि ताक्यांच्या कपाटावर सांगितले.

"आणि पडवी?"

"तिथे चोरण्यासारखं काय आहे?"

बाईंनी विचार केला. "काही नाही. डबे."

"मग नको."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं रागावल्या. "मोठ्या रस्त्यावरच्या दुकानाने तिथे दोन सांगितले होते," एवढंच म्हणाल्या. मी टेप गुंडाळला. भावोजी एकही विनोद न करता बाहेर पडले, हे विशेष. रस्त्याला लागल्यावर मी म्हणालो, "पुन्हा कमी विकले." ते म्हणाले, "हो." आणि माझ्या हातातली शिडी स्वतः घेतली.

२२ मार्च

वाईट दिवस. संकुलाच्या व्यापारी संघाचे अध्यक्ष दुकानात आले. त्यांचं छत्र्यांचं दुकान आहे, माणूस छत्रीसारखाच ताठ. शिवणकामाच्या बाईंनी आमचं नाव सुचवलं म्हणाले. का सुचवलं असेल, कळत नाही.

खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी पडद्याकडे बघितलं. पडदा काळा.

"हे काय, बंद?"

मी घाईघाईने टेबलावरच्या वायरी आवरायला लागलो. भावोजी उठले. "वीज वाचवतो आम्ही."

"कॅमेऱ्याच्या दुकानात?"

"म्हणजे... रात्री चालू असतो. दिवसा आम्ही दोघे असतोच की बघायला."

"तुमचे स्वतःचे बंद, आणि आमचे चालवणार?" अध्यक्षांनी छत्री काखेत मारली. "आठवड्याने येतो. चालू दिसले तर बोलू. नाहीतर मोठ्या रस्त्यावर जातो."

ते गेल्यावर मी भावोजींना सगळं सांगणार होतो. आधी मनात वाक्यं जुळवली. पण तोंड उघडण्याआधीच त्यांनी टेबलाचा खालचा खण ओढला आणि एक खोकं माझ्यापुढे ठेवलं. नवी डिस्क. खोक्यावर धूळ बसली होती.

"ती गेली त्याच आठवड्यात आणून ठेवली होती," म्हणाले. "तुम्ही म्हणाल तेव्हा घालू, असं म्हटलं."

म्हणजे त्यांना माहीत होतं. मग पडद्याकडे पाठ करून का बसत होते, हे विचारायचं राहिलं.

२४ मार्च

सकाळी डिस्क बदलली. चार स्क्रू. शेवटचा काढायला वेळ लागला, पण झालं. दुकानातले कॅमेरे सुरू झाले. पडद्यावर मी दिसलो, पाठमोरा. माझी पाठ एवढी वाकली असेल असं वाटलं नव्हतं.

जुनी डिस्क नीट आहे का हे तपासायला हवं होतं. भावोजी म्हणाले, "तुम्ही बघा. मी बेकरीत जाऊन येतो." आणि गेले ते दुपारपर्यंत आले नाहीत.

मी एकट्याने बघितलं. आवाज नाही, नुसतं चित्र. ताई वायर मोजते. ताई माल घेऊन आलेल्या विक्रेत्याला झापते, तो मान खाली घालतो, मग तीच त्याला पाणी देते. ताई नवा कॅमेरा तपासताना त्याला जीभ काढून दाखवते. एका दिवशी कुणी नसताना शिडीवर चढून तिने वरची जळमटं काढली, उतरली, आणि स्वतःलाच शाबासकी दिल्यासारखी मान हलवली. मी एकटाच मोठ्याने हसलो. जेवणाच्या वेळेला रोज वर बघून तोंडाशी हात. मी प्रत्येक वेळी "हो" म्हणालो. दुकानात कुणी नव्हतं.

आणखी एक गोष्ट दिसली. रोज दुपारी भावोजी डेपोची टोपी घालून येतात. ताई दारावर "पाच मिनिटांत येते" ही पाटी लावते. मग दोघं रिळांमागे जातात. पडद्यावर नुसतं रिकामं दुकान. थोड्या वेळाने भावोजी बाहेर येतात, टोपी वाकडी. मागून ताई येते, केसांची पिन नीट करत. ती त्यांची टोपी सरळ करते आणि ते डेपोत जातात. रोज. एका दिवशी बाहेर दोन गिऱ्हाइकं दार ठोठावत होती, तरी.

खूप विचार केल्यावर उलगडा झाला. ताईला साखरेचा त्रास होता. डॉक्टरांनी गोड बंद केलं होतं, आणि ते मी काटेकोर पाळायला लावत होतो, कारण भावोजींचा भरवसा नव्हता. ते तिला तिथे बिस्किटं खाऊ घालत असणार! मी मोबाइलवर बघतो हे तिला माहीत होतं, म्हणून तो कोपरा कॅमेऱ्यापासून मुद्दाम वाचवलेला. म्हणजे चूक नव्हतीच. रिळांमागे शोधलं, बिस्किटाचा एकही कागद सापडला नाही. ताई नीटनेटकी होती, खिशात घालत असेल.

२५ मार्च

भावोजींना विचारलंच. "रिळांमागे तुम्ही ताईला गोड खायला देत होतात ना?"

ते कानापर्यंत लाल झाले. आधी खोकले, मग चष्मा पुसला.

"हो," म्हणाले. "बिस्किटं. बिस्किटंच."

"रोज?"

"रोज म्हणजे... रविवार सोडून. रविवारी तुम्ही असायचात ना."

"डॉक्टरांनी काय सांगितलं होतं?"

"एवढ्याने काही होत नाही हो, मेव्हणेबुवा." मग बराच वेळ पडद्याकडे बघत बसले. पाठ न करता, सरळ. पडद्यावरच्या रिळांकडे बघून म्हणाले, "टोपी सरळ करायची ती शेवटी. दिसलं का?"

"दिसलं."

"मला बघायचंय. आत्ता नको. पण बघायचंय."

मी रागावणार होतो, ते राहूनच गेलं. तिथे कॅमेरा लावायचा विचार सोडला.

२९ मार्च

अध्यक्ष आले. पडदा चालू. दोन्ही चित्रं स्वच्छ. त्यांनी छत्रीच्या टोकाने पडदा तपासला आणि टोक नेमकं रिळांवर थांबलं.

"यांच्या मागचं दिसत नाही. मोठ्या रस्त्यावरच्यांनी अशी चूक केली नसती."

भावोजींनी तोंड उघडलं, पण मीच बोललो. "ती चूक नाही. तो कोपरा सोडलेला आहे."

"सोडलेला?"

इतकं कुणाशी मी बोलत नाही, पण बोललो. दारावर कॅमेरा हवा, गल्ल्यावर हवा, माल असतो तिथे हवा. पण माणसं दिवसभर काम करतात तिथे एक कोपरा त्यांचा असावा. कुणाला डोळे पुसायचे असतात, कुणाला मालकाची नक्कल करायची असते. "तुमच्या दुकानात मागे काय आहे?"

"गोदाम. रिकामी खोकी."

"तिथे कॅमेरा लावू?"

अध्यक्ष एकदम म्हणाले, "तिथे नको!" मग इकडे तिकडे बघितलं. "जेवण झाल्यावर मी जरा तिथे... पडतो."

भावोजींना हसू आवरेना. आधी अध्यक्षांनी त्यांच्याकडे कडक बघितलं, मग तेही हसले आणि छत्री टेबलावर आडवी ठेवली. "शिवणकामाच्या बाई हेच सांगत होत्या. पडवी सोडलीत, त्या दिवसापासून बायका तुमचं गुणगान करतायत म्हणे. चहा मागवा. कोणत्या दुकानापासून सुरुवात करायची ते ठरवू."

३० मार्च

भावोजींनी मोठ्या रस्त्यावरच्या दुकानाला फोन केला. डेपोच्या आवाजात. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. किल्ली घेऊन येणारी गाडी रद्द करण्यात आली आहे." पलीकडच्याला काही कळलं नसावं, कारण त्यांना दोनदा घोषणा करावी लागली. भाचीला कळवलं. ती फोनवर रडली आणि हसली, दोन्ही.

संध्याकाळी मी रिळं थोडी सरकवून मागे एक खुर्ची ठेवली. या वयात उभ्याने बिस्किटं खाणं बरं नाही.

३१ मार्च

संकुलाचं मोजमाप करून दुपारी परत आलो. पूर्वी डेपोतून यायचे त्या सुमाराला भावोजी उठले आणि काही न बोलता रिळांमागे गेले. मी दारावर पाच मिनिटांची पाटी लावली. बाहेर बेकरीवाला उभा होता, त्याला हाताने थांबवलं.

भावोजी बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते.

"धूळ फार आहे हो तिथे," म्हणाले.

"उद्या झाडून घेतो," मी म्हणालो. मग काय सुचलं कोण जाणे, मी तोंडाशी हात नेला, ताई करायची तसा.

"नाही जेवलो अजून," ते म्हणाले. "चला."

१ एप्रिल

सकाळी लवकर जाऊन रिळांमागचा कोपरा झाडला. धूळ अशी काही निघाली नाही. खुर्ची होती तिथेच ठेवली.

भावोजी आल्यावर त्यांना सांगितलं, बरीच होती.